बायको नर्स, नवरा हिशेबनीस आणि मधे जर्मनी

'परदेशात चाललाय म्हणजे सुटलात की!' असं मला सांगलीत ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्यांतल्या एकानंही विचारलं नाही की नेमकं कोण सुटलं. आमच्या घरात हा विषय माझ्यामुळं आलाच नाही, बायकोमुळं आला. ती मिरजेत एका खासगी रुग्णालयात आयसीयूत नर्स आहे. मी मार्केट यार्डात अडत दुकानांचे हिशेब बघतो. हळद, बेदाणा, गूळ; टॅली, जीएसटी, टीडीएस आणि मार्चएंड. तिची विद्या जगात कुठंही चालते. माझी म्हैसाळ ओलांडून कर्नाटकात चालेल, पण समुद्र ओलांडला की शून्य. सगळ्या निर्णयाची गोम इथंच होती, आणि 'चांगलं राहणीमान' या दोन शब्दांखाली ती बरेच दिवस झाकून राहिली.

मिरज हे दवाखान्यांचं गाव. १८९४ साली डॉ. वॉनलेस यांनी इथं रुग्णालय उभं केलं, तेव्हापासून पार कर्नाटकातनं पेशंट मिरजेला येतात. गावाला नाव मिळालं, नर्सच्या पगाराला नाही. २०१६ मध्ये केंद्राच्या समितीनं ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातसुद्धा नर्सला महिना २०,००० रुपयांच्या खाली देऊ नये, अशी शिफारस केली होती. बारा वर्षांच्या अनुभवानंतर बायको त्या आकड्याच्या थोडी वर आहे, एवढंच. पण तिची तक्रार पगाराची नव्हती. रात्री दहाला ती सकाळच्या डब्याची भाजी निवडत बसलेली असायची आणि व्हॉट्सअ‍ॅप वाजायचा: उद्याची सुट्टी रद्द, नाईटला या. ती मोबाइल पालथा ठेवायची आणि भाजी निवडत राहायची. "मला जास्त पैसे नकोत, मला महिन्याभराची ड्यूटी महिना सुरू व्हायच्या आधी कळली पाहिजे," असं ती एकदा म्हणाली. 'राहणीमान' म्हणजे काय याची एवढी नेमकी व्याख्या मला नंतर कुणी दिली नाही.

जर्मनीच का, तर तिच्याबरोबर शिकलेल्या दोघी तिथं आहेत, म्हणून. आखाती देश तिला नको होते. इंग्लंडला आधी गेलेल्यांचा सूर तेव्हा फारसा उत्साहाचा नव्हता.

सुरुवात आम्ही एजंटापासून केली, सगळे करतात तशीच. त्यानं साडेचार लाख सांगितले, त्यात 'भाषा, नोकरी, व्हिसा सगळं आलं'. मी हिशेबातला माणूस, पावती कशी देणार ते विचारलं. त्यावर गडी जरा गडबडला. मग मी वाचायला बसलो. परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटाला आपल्याकडं १९८३ च्या कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाकडून परवाना घ्यावा लागतो, आणि त्याला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढीच सेवाफी घेता येते. परवाना आहे की नाही ते ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर दिसतं. शिवाय नर्सेसच्या भरतीसाठी जर्मन सरकारचं एक गुणचिन्ह आहे. ते मिळालेल्या संस्थेनं नर्सकडून भरतीचे पैसे घ्यायचेच नाहीत, खर्च रुग्णालयानं सोसायचा. साडेचार लाख भरायला सोनं गहाण टाकणाऱ्यांच्या कानावर हे घालावं म्हणून इथं सविस्तर लिहितोय. आम्ही शेवटी अशाच संस्थेमार्फत जायचं ठरवलं.

मात्र फुकट म्हणजे बिनअटीचं नव्हे. करारात बाँड असू शकतो. ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडली, तर भाषेचा, विमानाचा, कागदपत्रांचा खर्च परत द्यायचा. आमच्या पहिल्या मसुद्यात छत्तीस महिने होते. मी चोवीस मागितले, आणि राहिलेल्या महिन्यांच्या प्रमाणातच वसुली होईल असं लिहून मागितलं. मिळालं. यार्डात आयुष्य गेलेल्या माणसाला घासाघीस शिकवावी लागत नाही.

भाषा हा सगळ्यात मोठा डोंगर. तिथं नर्स म्हणून पूर्ण मान्यतेसाठी, म्हणजे इथलं शिक्षण तिथल्या बरोबरीचं धरायला, बी-टू पातळी लागते; ए-वन, ए-टू, बी-वन यांच्या वरची चौथी पायरी. ए-वनपासून तिथपर्यंत नोकरी सांभाळून ऑनलाइन वर्ग करायचे, आणि परीक्षेला पुण्याला मॅक्सम्युलर भवन या जर्मन भाषेच्या संस्थेत जायचं. वाचन, ऐकणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग, प्रत्येकात १०० पैकी ६० पाहिजेत. बरी गोष्ट अशी, की बी-वन आणि बी-टूला एखादा भाग राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो. बायकोचं ऐकणं राहिलं होतं. नाईट करून मिरजेतनं गाडी पकडलेल्या बाईला हेडफोनमधनं जर्मन रेल्वेच्या घोषणा किती कळणार? दुसऱ्या खेपेला रजा टाकून आदल्या दिवशी गेली, पास झाली. कागदपत्रांवर फार लिहीत नाही. जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेच्या अभ्यासक्रमात कुठल्या विषयाचे किती तास आणि कुठल्या वॉर्डात किती तास, हे कॉलेजकडनं लिहून घ्यायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, एवढं लक्षात ठेवा आणि ते आधी मागा.

कामाच्या स्वरूपाबद्दल मात्र कुणी नीट सांगत नाही. इथं ती व्हेंटिलेटर सांभाळते, सलाईन लावते, रक्त घेते. तिथं यातलं बरंचसं काम डॉक्टरांकडं असतं, आणि पेशंटला अंघोळ घालणं, भरवणं, संडासला नेणं हे नर्सचं मूळ काम धरतात. आपल्याकडं ते नातेवाईक आणि मावशी करतात. आपल्या इतक्या नर्सेस यावरनं नाराज होऊन बोलतात, की मला वाटलं इथंच विषय संपणार. बायको म्हणाली, "इथं नातेवाईक अंघोळ घालतात हे खरं, पण पेशंट गेला तर कॉलर धरायलाही तेच येतात. मी घालीन अंघोळ."

मग पैसे. युरोला शंभरानं गुणायचं नाही, हा मी घरात पहिला नियम केला. माझ्या मेव्हण्यानं गुणलं आणि तीन लाख चाळीस हजार पगार म्हणून पाहुण्यांत सांगून टाकलं. खरी वही अशी: मान्यता मिळाल्यावर करारात ३,४०० युरो. विमा, पेन्शन, कर कापून, नवरा न कमावणारा धरला तर हातात साधारण अडीच हजार. त्यात मुलीचा सरकारी बालभत्ता महिना अडीचशेच्या वर. छोट्या शहरात तीन खोल्यांचं भाडं हीटिंगसकट हजार-अकराशे, आणि घरात शिरताना तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं डिपॉझिट मागू शकतात. बऱ्याच भाड्याच्या घरांत स्वयंपाकाचा ओटाच नसतो. आधीचा भाडेकरू कपाटं, शेगडी, सिंक सगळं घेऊन जातो, नवीन आपण आणायचं. मी हे आईला सांगितलं तेव्हा तिला मी थट्टा करतोय असं वाटलं. टीव्ही असो-नसो, सरकारी प्रसारणासाठी दर घराला महिना १८.३६ युरो. उलट, सरकारी आरोग्य विम्यात न कमावणारा जोडीदार आणि मूल जादा हप्त्याशिवाय येतात, आणि शाळेला फी नाही. वर्षातनं एकदा गावाकडं यायचं तिकीट आणि आईला पाठवायचे पैसे धरूनही शिल्लक इथल्यापेक्षा चांगली निघत होती. मी वही दोनदा तपासली, कारण मला ती तशी निघायला नको होती.

नको होती, कारण त्या वहीत माझ्या नावापुढं शून्य होतं. कायद्यानं मला तिथं काम करायला बंदी नाही, कुशल कामगाराच्या जोडीदाराला नोकरीची मुभा असते. पण काम कसलं? माझं ज्ञान म्हणजे कुठल्या हळदीवर कर नाही आणि कुठलीवर पाच टक्के, अडत्यानं बिल कुणाच्या नावानं काढायचं, नोटिशीला उत्तर कसं द्यायचं. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी मी गोदामात खोकी लावीन किंवा कुठल्या कँटीनमध्ये भांडी घासीन. कामाची लाज नाही, पण यार्डात सकाळी दुकानात शिरलो की शेठ खुर्ची सरकवतात, 'या अण्णा' म्हणतात. त्याचा भाव कुठल्या बोर्डावर लागत नाही. 'सध्याचंच काम तिथनं ऑनलाइन करीन' असं मी म्हणून बघितलं. पण तिथं राहून इथलं काम केलं तरी ती कमाई तिथल्या करखात्याला दाखवावी लागते. शिवाय अडत्यांचे कागद अजून पिशवीतनं येतात, पीडीएफमधनं नाही.

यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हणालो, राहणीमान तुझं सुधारणार आणि माझं उतरणार, मग 'आपलं' कसं म्हणायचं? तिनं शांतपणे विचारलं, "लग्न झाल्यावर मी कऱ्हाडातली नोकरी सोडून इथं पहिल्यापासून सुरुवात केली, तेव्हा कुणाचं सुधारलं आणि कुणाचं उतरलं?" मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

मी थोडी वर्षं थांबू म्हणत होतो. ते बंद झालं लेकीच्या शाळेमुळं. जर्मनीतल्या बहुतेक राज्यांत चौथीनंतर, म्हणजे दहाव्या वर्षीच, मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. विद्यापीठाकडं नेणारी शाळा वेगळी, धंदेशिक्षणाकडं नेणारी वेगळी. पुढं वाट बदलता येते, पण सोपं नसतं. नवीन आलेल्या मुलांना भाषेचे तयारी वर्ग असतात, तरी चौथीच्या तोंडावर पोहोचलेलं पोर भाषेत मागं पडलेलं असतानाच तिची वाट ठरणार. आमची आता पहिलीत आहे. बायको आधी जाणार. तिथं मान्यतेसाठी उरलेलं प्रशिक्षण किंवा परीक्षा पूर्ण होईपर्यंत कुटुंबाला नेणं अवघड असतं, पुरेसा पगार आणि पुरेसं घर दाखवावं लागतं. म्हणजे एक वर्ष धरून चाला. त्यामुळं 'बघू पुढं' याचा अर्थ 'नाही' असाच होता, आणि नाही म्हणायचं तर ते तोंडानं म्हणायला पाहिजे होतं.

राहिली आई. आमचं घर सांगलीच्या गावभागात, नदीजवळ. आयर्विन पुलाखाली कृष्णा ४५ फुटांवर गेली की धोक्याची पातळी, २०१९ ला ती ५७ च्या वर गेली होती. तेव्हा मी आईला पाठीवर घेऊन जिना चढलो होतो. त्यामुळं माझा प्रश्न 'आईला करमेल का' हा नव्हता, ऑगस्टमध्ये तिला उचलणार कोण हा होता. भाऊ विश्रामबागला राहतो. तिथं पाणी येत नाही, पण आई दोन दिवसांवर तिथं टिकत नाही. तिला विचारलं, तर म्हणाली, "जावा की. मला काय धाड भरलीया? पर तासगावची जमीन इकू नका." जमिनीचं मी आधीच बघून ठेवलं होतं. अनिवासी भारतीयाला नवी शेतजमीन विकत घेता येत नाही, असलेली ठेवता येते. म्हणजे विकली तर परत घेता येणार नाही, एवढं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मी तेच म्हंती हाय." जूनपासनं सप्टेंबरपर्यंत विश्रामबाग आणि बाकीचे महिने गावभाग, असं भावानं, वहिनीनं आणि तिनं बसून ठरवलं. वहिनीनं एक अट घातली, की फोनवरनं आम्ही औषधपाण्याच्या सूचना द्यायच्या नाहीत. योग्य आहे.

तर ठरलं. बायको व्हिसा हातात आला की निघेल, लेक आणि मी तिची मान्यता झाली की. मी ए-वन केलंय, ए-टू चालू आहे. दुकानं एकेक करून दुसऱ्या हिशेबनिसाकडं देतोय, दोन शेठ अजून ऐकायला तयार नाहीत. बाँड चोवीस महिन्यांचा आहे. तो संपला की पुन्हा वही घेऊन बसायचं, आणि त्या बैठकीत माझं एक मत दोन धरायचं, हे बायकोनं सही करून दिलंय. त्याच पानावर खाली तिची अट आहे: तोपर्यंत तिथला स्वयंपाक मी करायचा. सध्या चपात्या शिकतोय.