तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या गेलेल्या मुलाचं, निहारचं, नाव माझ्यासमोर काढलेलं चालेल का?

चालेल. मला ते हवंच आहे.

नातेवाईक विचारतात, नारायण पेठेतले शेजारी विचारतात, त्याच्या वर्गातल्या मुलांच्या आया विचारतात. बहुतेक वेळा निघताना, चपला घालता घालता. मायेपोटीच विचारतात. नाव काढलं तर हिला आठवण होईल, ही त्यांची भीती. अहो, आठवण व्हायला आधी विसरायला नको का?

निहारला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर होता, लहान मुलांत सर्वांत जास्त आढळणारा ए.एल.एल. प्रकार. उपचार दोन-अडीच वर्षं चालतात आणि बरीच मुलं पूर्ण बरी होतात. निहारचा आजार उलटला, म्हणजे परत आला. आजाराबद्दल एवढं पुरे.

मला बोलायचं असतं ते त्याच्याबद्दल. स्टेरॉइडच्या दिवसांत त्याला भयंकर भूक लागायची. रात्री दोनला उठवून म्हणायचा, "आई, वरणभात. तूप जास्त. लिंबू नको, तोंड झोंबतं." बाहेरचं खाणं बंद होतं, म्हणून त्यानं घरातच हॉटेल काढलं. मी पोळ्या लाटायची आणि तो ओट्याशेजारी स्टुलावर बसून मेन्यूकार्ड लिहायचा: 'आजचा स्पेशल, मुगाची खिचडी, 90 रुपये.' बाबांकडून पैसे खरोखर वसूल करायचा.

दात्यांकडून घेतलेल्या प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, साधारण पाचच दिवस टिकतात, त्यामुळे दाते सारखे लागायचे. ढोल पथकातली पोरं नदीपात्रातल्या सरावाआधी रक्तपेढीत जाऊन तास-दीड तास मशीनला हात देऊन बसायची. त्यातला एकजण अजूनही भेटला की सांगतो, "काकू, निहारनं माझ्याकडून डब्यावर ताशा वाजवून घेतला होता." मला हे ठाऊकच नव्हतं. ऐकताना डोळे भरतात, भरू देत. तेवढ्यासाठी विषय बदलू नका. 'धाकटी आहे ना आता' असं मात्र म्हणू नका. ती आहेच. मुलं किती म्हणून कुणी विचारलं, तर मी दोन सांगते.

यंदा त्याच्या वर्गातली मुलं दहावी झाली. वाड्यात, सोसायटीत सगळीकडे पेढे वाटले गेले, आमच्याकडे कुणी आलं नाही. मला वाईट वाटेल म्हणून. वाटेलच, तरीही या. पेढे आणा, मार्क सांगा. पोरांनाही बरोबर आणा, निहारच्या शाळेतल्या खोड्या त्यांनाच माहीत. सातनंतर आम्ही घरीच असतो.