हलन्तावर अडलेली बिल्ड

शुक्रवारी सकाळी लॅपटॉप उघडला तर लातूरच्या मुलाचा निरोप : 'सर, कालपासून पिवळंच आहे. माझं काही चुकलं का?'

त्याने आमच्या लायब्ररीतला जुना घोळ निस्तरला होता. देवनागरी मजकुरात शोध घेणारी ही छोटी लायब्ररी (पायथन भाषेतला, इतरांच्या प्रोग्रामना वापरता येणारा तयार कोड) मी नोकरी करता करता बारा-तेरा वर्षं सांभाळतोय. 'दऱ्या'मधला र दोन तऱ्हांनी टाइप होतो : ऱ ला हलन्त (पाय मोडायची खूण) देऊन, किंवा साध्या र ला हलन्त देऊन पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. आमची लायब्ररी न दिसणारी चिन्हं सरसकट काढून टाकायची. त्यामुळे दुसऱ्या तऱ्हेच्या 'दऱ्या'चा 'दर्या' व्हायचा. डोंगर शोधायला गेलेला माणूस समुद्रात. पोराने ते नेमकं हेरलं आणि तपासायला शब्दांची फाइलही जोडली.

पिवळं म्हणजे बिल्ड, म्हणजे पाठवलेल्या बदलाची आपोआप होणारी तपासणी, अजून रांगेत. ही तपासणी करणारी सेवा ओपन सोर्सला, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या प्रकल्पांना, वर्षानुवर्षं फुकट होती. कोणीही बदल पाठवला की लिनक्स, मॅक, विंडोज तिन्हींवर टेस्ट चालून चार मिनिटांत निकाल. महिन्याच्या एक तारखेपासून ते बंद. आता क्रेडिट विकत घ्या, नाहीतर अर्ज करा. फुकट मशिनांवर क्रिप्टो खणणाऱ्यांनी अशा सेवांना लुबाडलं हे खरं, त्यामुळे कंपनीला सरसकट शिव्या घालवत नाहीत. पण अर्ज वाचून डोकं फिरलं. 'प्रकल्पाला एखाद्या कंपनीचा आधार आहे का?' आमचं ऑफिस मला शुक्रवारचे दोन तास देतं. खरं ते लिहिलं. दहा मिनिटांत उत्तर : अपात्र.

२०१५ मध्ये गूगल कोड ही प्रकल्प ठेवायची फुकट जागा बंद होणार असं कळलं, तेव्हाही बोऱ्याबिस्तर गुंडाळला होताच. २०२३ च्या मार्चमध्ये डॉकर या सॉफ्टवेअर कंपनीने फुकटची टीम खाती बंद करायचं ठरवलं आणि बोंब उठल्यावर दहा दिवसांत माघार घेतली. आमच्यासाठी बोंब मारणार कोण? आम्ही सगळे मिळून सात जण.

मग टेस्ट हातानेच चालवायच्या ठरवल्या. लिनक्स माझ्याकडे होतं, मॅक शेजारच्या टेबलावर. विंडोज फक्त अकाउंट्समध्ये. संध्याकाळी मॅडमपुढे जाऊन उभा राहिलो.

'बसा, पण टॅली बंद करू नका हं. जीएसटीचं चालू आहे.'

टॅलीच्या खिडकीमागे टेस्ट चालवल्या. पहिलीच आडवी. पोराने फाइल उघडताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटांत कोणत्या पद्धतीने साठवली आहेत ते, लिहिलं नव्हतं. लिनक्सवर चालून जातं. विंडोजवर पायथनने ती जुन्या पश्चिम युरोपीय कोडपेजने, म्हणजे अक्षरांच्या तक्त्याने, वाचायला घेतली. हलन्ताच्या तीन बाइटांतल्या शेवटच्या बाइटला त्या तक्त्यात घरच नाही, म्हणून पहिल्या जोडाक्षरावरच गाडी थांबली. एका ओळीची दुरुस्ती. पूर्वी हे त्या पोराला मशीनने सांगितलं असतं, माझ्याआधी, मला मध्ये न घेता.

दुरुस्ती केली, पुन्हा चालवलं, सगळं हिरवं. त्याला कळवलं : 'अरे, तुझं बरोबर होतं. एन्कोडिंग तेवढं राहिलं होतं.' पावणेनऊला त्याचा बदल सामील केला.

मॅडम पर्स आवरत होत्या. 'हे दर शुक्रवारी लागणार का तुम्हाला?'

'कोणी बदल पाठवला की.'

'मग वीस तारीख सोडून या.'