सावजी का नाही केलं?

मुलाच्या प्लाटूनसाठी मी स्वयंपाक केला हे कळल्यापासून ओळखीचे सगळे एकच विचारतात. नागपूरची बाई, समोर जवान पोरं, आणि सावजी मटण सोडून गोळाभात? तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

मुलगा ब्रिगेड ऑफ द गार्ड्समध्ये आहे. त्यांचं सेंटर आपल्या कामठीलाच. बऱ्याच जुन्या रेजिमेंटा एखाद्या प्रांताच्या किंवा समाजाच्या नावानं ओळखल्या जातात. ही मात्र १९४९ साली जनरल करिअप्पांच्या पुढाकारानं उभी राहिली ती साऱ्या देशातल्या, सगळ्या जातीधर्मांच्या पोरांची म्हणूनच. आता अशा पंगतीत कुणाला हलाल लागतं, कुणाला झटका, कुणी मांसाला शिवत नाही. मटण केलं असतं तर निम्म्यांसाठी दुसरी चूल मांडावी लागली असती. आणि मला सगळ्यांना एकाच गंजातून वाढायचं होतं.

परवानगी मिळाली ती एका अटीवर: घरून शिजवून आणायचं नाही, लंगरमध्येच, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघरातच करायचं. ते बरंच झालं, कारण गोळाभात गरमच खावा. तांदूळ मी एचएमटी नेला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या दादाजी खोब्रागड्यांनी शोधलेला हा वाण फौजेच्या ताटात जावा, असं मनात होतंच. हरभरा डाळीच्या भरड्यात तिखट, हळद, ओवा, हिंग आणि कडकडीत तेलाचं मोहन घालून गोळे घट्ट वळले. कांदा-लसूण काहीच नाही. हे गोळे भातातलं पाणी आटत आल्यावरच मांडायचे. आधी टाकले तर फुटून सगळी खिचडी होते.

लंगरचा कुक गढवालकडचा. मी भातात कच्चं बेसन घालतेय असं वाटून तो सारखा झाकण उचलून बघायचा. शेवटी त्यानं एक गोळा मोडला, आतून शिजलेला बघितला, तोंडात टाकला आणि म्हणाला, "माताजी, तड़का मैं लगाऊँगा." मी बाजूला झाले. फल्लीच्या तेलात मोहरी, हिंग, लाल मिरच्या. त्याचा अंदाज माझ्यापेक्षा पक्का, रोज एवढ्यांचं करतो तो.

गोळा भातात कुस्करायचा, वरून फोडणीचं तेल, मग कढी, हे पोरांना आधी करून दाखवावं लागलं. मणिपूरचा एक जण फोडणीतल्या मिरच्याच वेचून खात होता. हरियाणाच्या पोरानं कढीची वाटी तोंडाला लावली ती रिकामी करूनच खाली ठेवली.

माझा मुलगा वाढायला होता, म्हणून शेवटी बसला. त्याला मी आधी वाढलं नाही, आणि त्यालाही ते चाललं नसतं. गंजाच्या तळाची खरवड त्याच्या वाट्याला आली, ती त्याला लहानपणापासून आवडते.

सावजी राहिलंय खरं. सुट्टीत तो दोघा-तिघांना घरी आणणार आहे, कोण काय खातं ते विचारूनच. मटण तेव्हा.