बोटीचं घड्याळ: एड्रियाटिक क्रूझचा माझा अनुभव

ताईचे गुडघे चालताहेत तोवर युरोप बघून घेऊ, असं आम्ही दोघींनी २०२४च्या दिवाळीत ठरवलं. ती एकोणसत्तरची, मी बासष्टची, बँकेतून निवृत्त झालेली. बसच्या टूरमध्ये रोज पहाटे बॅगा दाराबाहेर ठेवायच्या आणि रोज रात्री नवं हॉटेल, हे तिला झेपलं नसतं. क्रूझमध्ये कपाटात एकदाच कपडे लावले की झालं. म्हणून सप्टेंबर २०२५ची सात रात्रींची एड्रियाटिकची (इटलीच्या पूर्वेकडचा समुद्र) क्रूझ घेतली: क्रोएशियातलं स्प्लिट, माँटेनेग्रोतलं कोटोर, ग्रीसची कॉर्फू आणि सँटोरिनी बेटं, मग पुन्हा क्रोएशियात डुब्रोव्हनिक. परत आल्यापासून ओळखीचे लोक फोन करून तेच तेच विचारताहेत, म्हणून सगळं एकदा लिहूनच काढते.

पहिला धक्का तिकीट हातात आल्यावरच बसला. जाहिरातीत व्हेनिसहून निघणार असं होतं, तिकिटावर बंदर रॅव्हेन्ना. दोन्ही गावांत दीडशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. चौकशी केल्यावर कारण कळलं. १ ऑगस्ट २०२१पासून २५,००० टनांवरच्या मोठ्या बोटींना व्हेनिसच्या जुदेक्का कालव्यातून आणि सान मार्को चौकासमोरून जायला इटलीने बंदी घातली आहे. त्या शहराचा पाया आणि त्याची खाडी बघता हे फार आधीच व्हायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं. पण त्यामुळे बऱ्याच मोठ्या बोटी आता रॅव्हेन्ना किंवा ट्रिएस्टसारख्या बंदरांतून सुटतात आणि जाहिरातीत नाव मात्र व्हेनिसचंच असतं. विमानाचं तिकीट काढण्याआधी बंदराचं नाव नीट वाचा. आम्ही व्हेनिसमध्ये दोन रात्री राहून आदल्या दिवशीच रॅव्हेन्नाला गेलो. त्यामुळे सान विताले चर्चमधली सहाव्या शतकातली मोझेइक, म्हणजे रंगीत तुकडे जडवून केलेली चित्रं, बघायला मिळाली. सम्राज्ञी थिओडोराच्या झग्याचा सोनेरी-जांभळा रंग अजून इतका ताजा आहे की ताई तिथल्या बाकावरून उठायलाच तयार नव्हती. सकाळी येऊन दुपारी बोटीत चढलो असतो तर हे हुकलंच असतं.

व्हिसाचं प्रकरण मात्र जिवावर बेतलं होतं. ज्या देशात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा हा शेंगेनचा (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांचा गट) नियम, म्हणून आमचा अर्ज इटलीकडे. माणशी ९० युरो फी, शिवाय सेंटरचे पैसे वेगळे. अर्ज एजंटच्या ऑफिसातल्या मुलाने भरला. सही करताना वाचला तर किती वेळा प्रवेश हवा या रकान्यात एक अशी खूण. मी विचारलं तर म्हणाला, "काकू, एकदाच तर जाताय ना युरोपला!"

मी त्याच्यासमोर नकाशा उघडला. क्रोएशिया १ जानेवारी २०२३पासून शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे स्प्लिटपर्यंत प्रश्न नाही. पण कोटोर माँटेनेग्रोत, आणि माँटेनेग्रो शेंगेनच्या बाहेर. म्हणजे स्प्लिट सोडलं की आम्ही शेंगेनमधून बाहेर पडलो आणि कॉर्फूला पाय ठेवताना पुन्हा आत शिरलो. एकाच प्रवेशाचा व्हिसा असता तर कॉर्फूचं दार बंद. खरं तर तिथवर पोचलोच नसतो, कारण एकाहून जास्त प्रवेशांचा व्हिसा नसेल तर बोटीत घेणार नाही, हे तिकिटाच्या अटींत बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. त्या मुलाचा राग आला होता, पण रागापेक्षा भीती जास्त वाटली. माझ्या जागी आई-वडिलांना पाठवणारं एखादं कुटुंब असतं आणि फॉर्म न वाचताच सही केली असती तर? नवा फॉर्म भरून घेतला, बोटीचा दिवसवार कार्यक्रम जोडला आणि कोटोरच्या ओळीखाली पेनाने रेघ मारली. पासपोर्ट परत आले तेव्हा प्रवेशांच्या जागी एमयूएलटी, म्हणजे मल्टिपल, अशी चार अक्षरं होती. ती बघून मी पाकीट छातीशी धरलं.

माँटेनेग्रोसाठी वेगळा व्हिसा लागला नाही, चालू शेंगेन व्हिसावर थोड्या दिवसांसाठी जाता येतं. विमा मात्र वेगळा बघावा लागला. शेंगेनला किमान ३०,००० युरोचं कव्हर लागतं आणि तेवढंच देणाऱ्या स्वस्त पॉलिसी मिळतात. पण फक्त शेंगेनपुरती पॉलिसी घेतली की कोटोरचा दिवस उघडा राहतो. बोटीवरच्या दवाखान्याचं बिलही घसघशीत येतं आणि आधी आपण भरायचं असतं. आम्ही अमेरिका-कॅनडा सोडून सगळ्या जगाची पॉलिसी घेतली. आणखी एक, एजंटकडून पॅकेज घेतलं की टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापतात. आमच्या वेळी दहा लाखांपर्यंत ५ टक्के होता. तो विवरणपत्रात वळता करून मिळतो, पावती जपून ठेवा.

आता माझी चूक सांगते, कारण ती आपल्याकडची बरीच मंडळी करतील. मी मोठ्या बॅगेत छोटा इलेक्ट्रिक कुकर घेतला होता. मुगाची डाळ, तांदूळ, मेतकूट, सगळं बरोबर. ताईला रात्री खिचडी लागते. बंदरावर मोठ्या बॅगा आपल्याकडून घेतात आणि संध्याकाळपर्यंत केबिनच्या दाराशी आणून ठेवतात. आठ वाजले, ताईची बॅग आली, माझी नाही. आणि ताईच्या ब्लड प्रेशरच्या गोळ्या माझ्या बॅगेत! रात्री नऊची गोळी. पावणेनऊला मी कॉरिडॉरमध्ये प्रत्येक दारासमोरच्या बॅगा वाकून वाकून बघत होते.

तिथे आमच्या केबिनचा मुलगा भेटला. छातीवरच्या पाटीवर देशाचं नाव इंडिया. मी हिंदीत बोलायला लागले, त्याने माझा चेहरा बघून मराठीत विचारलं, "मावशी, काय झालं?" गोव्याचा, सासष्टीतला. वडीलही बोटीवर, आजोबाही. गोव्यात बोटीवर नोकरी करणाऱ्याला तारवटी म्हणतात, हा शब्द मला त्याने शिकवला. गोळ्यांचं कळताच तो मला थेट खालच्या मजल्यावरच्या सिक्युरिटीच्या खोलीत घेऊन गेला. तिथे पंधरा-वीस बॅगा ओळीने उभ्या, त्यांत माझी. इस्त्री, किटली, कुकर, हीटिंग कॉइल असलेलं काहीही बोटीवर चालत नाही. समुद्रात आग हे सगळ्यांत मोठं संकट, पळून जायला जागा नसते. त्यांनी कुकर काढून घेतला, पावती दिली आणि बॅग सोडली. ताईने नऊ वाजून दहा मिनिटांनी गोळी घेतली. त्या दहा मिनिटांनी काही बिघडलं नाही, पण मला रात्रभर झोप लागली नाही. औषधं, डॉक्टरांची चिठ्ठी आणि एक जोड कपडे खांद्यावरच्या पिशवीतच ठेवायचे, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

खिचडीचं पुढे त्या मुलानेच बघितलं. जेवणघराच्या मुख्य वेटरला आदल्या रात्री सांगून ठेवलं की दुसऱ्या दिवशी डाळ-भात, एक भाजी आणि दही मिळायचं. मेनूवर नव्हतं, सांगावं लागायचं. टिपचे रोजचे माणशी १८ डॉलर खात्यातून आपोआप वळते होत होते. काही जण काउंटरवर जाऊन ते बंद करून घेतात. मी नाही केले. आठ-आठ महिने घर सोडून आलेली ही मुलं आहेत. उलट शेवटी त्याच्या हातात वेगळं पाकीट दिलं.

निघण्याआधीच्या सुरक्षा कवायतीला कंटाळू नका, एवढंच म्हणते. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा धोक्याचा इशारा. आपण कुठल्या जागी जमायचं ते पायाने चालून बघून घ्यायचं. १३ जानेवारी २०१२ला इटलीच्या जील्यो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया कलंडली आणि ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी बोटीत चढलेल्या प्रवाशांची कवायत तोवर झालेलीच नव्हती. तेव्हाच्या नियमाप्रमाणे चोवीस तासांत केली तरी चालायची. आता बोट निघण्याआधी किंवा निघता निघता ती व्हावीच लागते. ताईने काठी घेऊन तीन जिने उतरून आमची जागा बघून ठेवली, कारण आगीत लिफ्ट बंद असते.

कोटोरच्या दिवशी पहाटे साडेपाचला उठून डेकवर गेलो. बोट खाडीत शिरते तेव्हा दोन्ही बाजूंना काळे उभे डोंगर, मध्ये वेरिगेची चिंचोळी वाट, साडेतीनशे मीटरसुद्धा रुंद नाही. पेरास्त गावापुढे दगड रचून माणसांनी केलेलं बेट आणि त्यावर निळ्या घुमटाचं चर्च. ताई कठड्याला हात धरून उभी होती. "आई असायला हवी होती गं," एवढंच बोलली.

त्या रात्री गोव्याचा मुलगा पाण्याच्या बाटल्या ठेवायला आला तेव्हा म्हणाला, "उद्या ग्रीस. आज रात्री बोटीचं घड्याळ एक तास पुढे." आणि मग आपल्या कोंकणीत: "मावशी, मोबायलाचें न्हय, बोटीचें घड्याळ पळयात." म्हणजे मोबाइलचं नाही, बोटीचं घड्याळ बघा. ताईने ताबडतोब हातातल्या जुन्या एचएमटीची किल्ली फिरवून वेळ लावली. मी म्हटलं, माझ्या फोनमध्ये आपोआप होतं.

कॉर्फूला आम्ही बोटीची सहल न घेता गावातल्या हिरव्या बसने कासिओपीला गेलो. बेटाच्या ईशान्य टोकाचं छोटंसं बंदर, तासाभराचा रस्ता. बोटीवर परत यायची शेवटची वेळ साडेचार. जेवलो, सावलीत बसलो. फोनमध्ये एक वाजून दहा मिनिटं झाली होती, म्हणून मी दुसरी कॉफी सांगितली. ताई म्हणाली, "अगं, दोन वाजून गेले." मी फोन दाखवला, तिने मनगट दाखवलं. दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. समोर खाडीपलीकडे जे डोंगर दिसत होते ते अल्बानियाचे. मध्ये समुद्र काही किलोमीटरच काय तो आहे. फोनने ग्रीसचं नेटवर्क सोडून अल्बानियाचं पकडलं होतं आणि अल्बानिया ग्रीसच्या एक तास मागे. फोन आपोआप एक तास मागे गेला होता.

सव्वादोनची बस होती. कॉफीचे पैसे टेबलावर ठेवले आणि ताई त्या गुडघ्यांनी चढ चढली, मी मागून तिची पाठ धरून. बस मिळाली. चालत्या बसमध्ये माझे हात थरथरत होते. बोटीने नेलेली सहल उशिरा आली तर बोट थांबते, आपापले गेलेल्यांसाठी थांबत नाही. पासपोर्टही आमच्याकडे नव्हते, पहिल्या दिवशीच व्हिसावाल्यांचे पासपोर्ट बोटीने ताब्यात घेतले होते. बोट गेली असती तर परक्या बेटावर आमच्या हातात फक्त झेरॉक्स. ती झेरॉक्स, बोटीच्या बंदरावरच्या एजंटचा नंबर आणि शंभर युरो रोख पर्समध्ये असायलाच हवेत. साडेतीनला बंदरावर पोचलो. नंतर बिल आलं तेव्हा कळलं की माझ्या रोमिंग पॅकमध्ये अल्बानिया नव्हता. भर समुद्रातही बोटीच्या नेटवर्कला फोन चिकटला तर असंच बिल येतं, तिथे एअरप्लेन मोडच बरा.

सँटोरिनीबद्दल थोडं सांगते. तिथे बोट धक्क्याला लागत नाही, छोट्या होडीतून किनाऱ्यावर नेतात. वर 'फिरा' नावाच्या गावात जायला केबल कार किंवा पाचशे ऐंशीहून जास्त पायऱ्या. २०२५पासून तिथे दिवसाला ८,००० क्रूझ प्रवाशांची मर्यादा आहे आणि उन्हाळ्यात माणशी २० युरो कर, तो आमच्या बोटीच्या बिलात आला. तरी उतरताना केबल कारची रांग पन्नास मिनिटांची होती, होडीच्या वेळेत ती धरूनच निघा. व्हीलचेअरवाल्यांना होडीत घेतीलच असं नसतं, बुकिंगच्या वेळीच विचारा. वारा जोराचा असेल तर बंदरच रद्द होतं. आम्हाला स्वच्छ दिवस मिळाला.

शेवटच्या सकाळी कुकर पावती दाखवून परत मिळाला, डाळ-तांदूळ मी त्या मुलाला देऊन टाकले. पासपोर्ट आदल्या संध्याकाळीच मिळाले होते. डोंबिवलीला आल्यावर ताई चष्मा लावून शिक्के बघत बसली. शेंगेनच्या शिक्क्यांवर कोपऱ्यात छोटं चित्र होतं. व्हेनिसला आत शिरतानाचं विमान, स्प्लिटला बाहेर पडतानाची बोट, कॉर्फूला परत आत शिरतानाची बोट, शेवटी व्हेनिसचं विमान. त्या तिसऱ्या शिक्क्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "हाच ना गं तो, ज्याच्यासाठी तू त्या मुलाशी भांडलीस?"

"हो," म्हटलं, "हाच."