व्हिसा अडला आणि रूथबाई कराचीच्याच झाल्या

डॉ. रूथ फाउ खरं तर निघाल्या होत्या भारतात यायला. जर्मनीत लाइपझिगला १९२९चा जन्म, लहानपण युद्धात गेलेलं, पुढे डॉक्टर झाल्या, मग नन झाल्या आणि त्यांच्या नन्सच्या संघाने त्यांना इकडे पाठवलं. पण १९६० मध्ये व्हिसाची काहीतरी भानगड झाली आणि वाटेत कराचीला थांबावं लागलं. तिथे असताना मॅक्लिओड रोडच्या मागे कुष्ठरोग्यांची वस्ती होती ती बघायला गेल्या.

तिथल्या दवाखान्यात एक पठाण तरुण आला, साधारण त्यांच्याच वयाचा, हातापायांवर रांगत, चिखलातून, आणि आजूबाजूच्या कुणालाच त्यात काही वेगळं वाटलं नाही, जणू माणूस असाच येतो. मला तर त्याच्या रांगण्यापेक्षा लोकांना झालेली ती सवयच जास्त लागली.

या रोगात नसा खराब होतात, हातपाय बधिर पडतात, चटका बसला तरी कळत नाही. त्या वस्तीत रात्री झोपलेल्या पेशंटची बोटं उंदीर कुरतडायचे आणि त्यांना जागसुद्धा यायची नाही. हे वाचल्यावर मी फोन बाजूला ठेवला आणि बराच वेळ आपल्याच बोटांकडे बघत बसले.

रूथबाई तिथेच राहिल्या. पुढच्या वर्षी भारतात आल्याही, पण वेल्लोरला कुष्ठरोगाचं ट्रेनिंग घ्यायला, आणि शिकून परत कराचीला. झोपडीतला तो दवाखाना १९६३ मध्ये नीट इमारतीत गेला, तेच मेरी अॅडलेड सेंटर. पण पेशंट आपल्या पायांनी येतील म्हणून त्या वाट बघत बसल्या नाहीत. बलुचिस्तान, उत्तरेकडचे डोंगर, जीपने नाहीतर पायी, कारण घरच्यांनीच लाजेपोटी, भीतीपोटी पोरांना गुहेत नाहीतर गुरांच्या गोठ्यात ठेवलेलं असायचं, त्यांना बाहेर काढायचं, जखमा धुवायच्या, गोळ्या सुरू करायच्या आणि घरच्यांना सांगायचं की हा बरा होतो. किती गावांत किती वेळा सांगितलं असेल! १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पाकिस्तानात कुष्ठरोग आटोक्यात आल्याचं जाहीर केलं, म्हणजे त्यासाठी छत्तीस वर्षं लागली.

१० ऑगस्ट २०१७ला कराचीतच गेल्या, ८७ वर्षांच्या होत्या. सरकारी इतमामात अंत्यसंस्कार झाले, सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रलमध्ये प्रार्थना झाली आणि त्या जर्मन ननची शवपेटी पाकिस्तानच्या हिरव्या-पांढऱ्या झेंड्यात गुंडाळून गोरा कब्रस्तानात नेली.