वाल्ह्याची गवार, बरडचा भोपळा

माण तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर परसातल्या बहुतेक वेलांना आणि झुडपांना गावांची नावे होती. वाल्ह्याची गवार, बरडचा भोपळा, वेळापूरचा घेवडा आणि गोठ्याच्या पत्र्यावर चढणारा तरडगावचा दोडका. लहानपणी मला ही वाणांचीच नावे वाटत, जशी नागपूरची संत्री असतात तशी, आणि शाळेतल्या एका निबंधात भोपळ्याचे प्रकार सांगताना मी 'बरडचा भोपळा' मोठ्या ऐटीत लिहिलाही होता. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीच्या मुक्कामांची गावे आमच्या परसात आळंदी ते पंढरपूर अशी ओळीने उभी होती, हे मात्र 2025 च्या आषाढी वारीत स्वतः चालले तेव्हाच खऱ्या अर्थाने उमगले. आजी त्याआधीच्या कार्तिकात गेली होती. कागदावर तिचे वय 91 होते. ती स्वतः वय सांगत नसे, विचारले तर "लई पावसाळे झाले" म्हणे.

ज्या दिंडीतून ती तेवीस वर्षे चालली, त्याच दिंडीत मी भिशी, म्हणजे जेवणा-मुक्कामाची वर्गणी, भरली. पुण्यातून निघून दिवे घाट चढून सासवडला पोहोचायचा टप्पा वारीतला सर्वांत लांबचा, आणि कार्यालयातल्या खुर्चीवर बसून बसून माझ्या पायांचे जे झाले आहे त्याचा हिशेब त्या एका दिवसात पुरा झाला. त्या संध्याकाळी राहुटीत एका वयस्क माउलींनी माझे पाय कोमट पाण्यात बुडवले आणि विचारले, "तू बियांच्या आक्काची नात ना?" मी चपापले. आमच्या घरी आजीला कोणी या नावाने हाक मारल्याचे मला आठवत नाही. घरी ती फारशी बोलतही नसे. इथे मात्र ती गवळणी म्हणत असे, फुगडीत तरण्या पोरींना दमवत असे आणि स्वयंपाकाला बसली की कोणाची भाकरी जाड झाली यावरून भांडत असे, असे मला पुढच्या दहा-बारा दिवसांत तुकड्यातुकड्यांनी कळत गेले. एका माणसाच्या घरी वाढूनही आपण त्याच्या आयुष्यातले पंधरा दिवस कधी पाहिलेच नव्हते, याची थोडी लाजही वाटली.

आजीचे माहेर फलटण तालुक्यात, नीरेच्या उजव्या कालव्याच्या भिजणाऱ्या पट्ट्यात. ती शेतात जन्मली असे म्हणायला हरकत नाही, कारण वस्ती म्हणजे शेताच्या मधोमध एक छप्पर होते. शाळेची पायरी ती चढली नाही. ज्वारी हुरड्यावर आली की माचणावर उभी राहून गोफणीने राघू हाकलायचे आणि पाटाच्या पाळीची वेळ रात्रीची असली की वडिलांच्या मागे कंदील घेऊन दारे धरायची, हे तिचे बालपण. तिथून पंधराव्या वर्षी ती आमच्या गावी आली, जिथे पाटच नव्हता. माणदेशात पावसावर सगळी मदार. आणि तो पाऊस खिल्लार खोंडासारखा, हाताला लागेल तेव्हा लागेल. पाण्याच्या गावातून कोरड्या गावात आलेल्या त्या मुलीने पहिली काही वर्षे काय विचार केला असेल ते तिने कधी सांगितले नाही.

तिच्या वारीची एक अट होती: पेरा झाल्याशिवाय पाऊल उचलायचे नाही. बाजरीची पेरणी आणि माउलींचे प्रस्थान नेमके एकमेकांच्या अंगावर येतात. अधिक महिना होऊन गेला की पुढची आषाढी उशिरा पडते आणि पेरणीला उसंत मिळते, म्हणून अधिक मास तिला फार आवडे. त्यामागे पुण्याचा हिशेब कमी आणि तिफणीचा जास्त होता. आषाढी लवकर पडली आणि पाऊस लांबला तर ती प्रस्थानाला जात नसे, पेरणी उरकून एसटीने लोणंद किंवा फलटण गाठे आणि तिथून दिंडीत शिरे. 2025 साली तर मे महिन्यातच एवढा पाऊस झाला की आमच्या भागात वाफसाच होईना, म्हणजे जमीन पेरण्याजोगी वाळेना. आषाढी 6 जुलैला होती. आजी असती तर त्या वर्षी ती निघालीच नसती, असे वडील म्हणाले आणि ते खरे होते.

चालताना ती रस्त्याकडे पाहत नसे, बांधाकडे पाहत असे, हे दिंडीतल्या सगळ्यांनी सांगितले. कुणाच्या कुडावर चांगला वेल दिसला की ती ओळीतून बाहेर पडे, दारात जाऊन "माउली, बी ठेवलंय का?" म्हणून विचारे आणि पुन्हा पळत येऊन आपली जागा धरे. दिंडीच्या शिस्तीत हे बसणारे नव्हते आणि विणेकऱ्यांनी तिला अनेकदा टोकलेही होते. तरडगावाजवळ चांदोबाच्या लिंबाला उभे रिंगण झाले, वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून अश्व धावून गेले, की लोक अश्वाच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. आजी तीही लावायची आणि उरलेली चिमूट पदराच्या गाठीत, बियांतच, बांधायची. एकदा तिची ती पुरचुंडी कुठेतरी पडली. मुक्कामावर संध्याकाळी होणाऱ्या समाजआरतीच्या वेळी चोपदारांनी दंड उंचावल्यावर सगळा तळ गप्प होतो आणि हरवल्या-सापडल्या वस्तूंची नावे पुकारली जातात. त्यात घड्याळ, चष्मा, पैशाचे पाकीट आणि मग "एक फडक्याची गाठ, आत घेवड्याचे बी" असे पुकारले गेले, तेव्हा आमच्या दिंडीतल्या बायकांना हसू आवरेना, ही गोष्ट मला निदान पाच जणींनी सांगितली, आणि प्रत्येकीच्या सांगण्यात मुक्काम वेगळा होता.

तिला बियांचा एवढा सोस का, हे बरडच्या मुक्कामी कळले. पाऊस उघडला होता, राहुटीत ओल्या लुगड्यांचा वास भरला होता आणि त्या वयस्क माउली मिश्री लावत बसल्या होत्या. 1972 च्या दुष्काळात आजोबा मुंबईला गेले होते आणि आजी मुलांना घेऊन खडी फोडायला जात होती, सुकडी आणि मिलो या परदेशी तांबड्या ज्वारीवर दिवस काढत होती, इतके मला घरून ठाऊक होते. घरात कोणी सांगितले नव्हते ते हे की कणगीत राखेत पुरून ठेवलेले बाजरीचे बी तिने त्या उन्हाळ्यात दळले. लेकरे रडत होती, दळले. पुढच्या वर्षी पाऊस पडला तेव्हा पेरायला घरात मूठभरही दाणा नव्हता, आणि तिला माहेरी जाऊन पायलीभर बी मागून आणावे लागले. "बी खाल्लेलं घर म्हणायचे गं लोकं," माउली म्हणाल्या. "आक्का ते माझ्याजवळ एकदाच बोलली. परत न्हाई."

बरडचे ते भोपळ्याचे घर मला सापडले नाही. ज्या खुणा सांगितल्या होत्या तिथे आता शटरची दुकाने आहेत. वेळापूरला मात्र एका दारात आजीचे वर्णन सांगताच तिथल्या काकी म्हणाल्या, "ती माणदेशी म्हातारी? ती फुकट न्यायची न्हाई हं." आजी घेवड्याचे बी घ्यायची आणि बदल्यात आमच्याकडची मटकी द्यायची. मटकी काकींनी बरीच वर्षे पेरली. मग सगळीकडे ऊस झाला आणि कोरडवाहू तुकडा उरला नाही. त्यांनी मला डब्यातून घेवड्याचे बी काढून दिले आणि माझ्या हाताकडे पाहिले. माझ्याकडे द्यायला काही नव्हते. पाठपिशवीत खजूर आणि बिस्किटांचा पुडा होता, तो मी दिला आणि त्यांनी हसून घेतला.

पंढरपूरबद्दल लिहिण्यासारखे माझ्याकडे फारसे नाही. चंद्रभागेत स्नान झाले, कळसाचे दर्शन झाले. पदस्पर्शाच्या रांगेत उभे राहण्याची ताकद माझ्यात नव्हती. गोपाळकाला करून मी पुण्याला न जाता थेट वस्तीवर गेले.

आजीचे बी तीन ठिकाणी असे. भोपळ्याचे बी ती ओल्या शेणाच्या गोळ्यात एक-एक रोवून गोळा भिंतीवर थापत असे. वाळल्यावर भिंतीला पांढऱ्या ठिपक्यांच्या भाकरी लावल्यासारखे दिसे. दोडका वेलावरच वाळवून आढ्याला टांगलेला, हलवला की खुळखुळणारा. बाकी सगळे राखेत चोळून जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत बांधलेले आणि पत्र्याच्या डब्यात. तो डबा उघडला तर आत अकरा गाठी निघाल्या. लिहिता येत नसल्याने चिठ्ठी कशावरच नव्हती; हिरव्या काठाची चिंधी कशाची आणि तांबडी कशाची, हे फक्त तिला ठाऊक होते. आईने दोन गाठी ओळखल्या. काही बी मातीसकट होते, ती टापांखालची माती असणार.

वडिलांना विचारून मी सगळ्या गाठींतले चार-चार दाणे बांधाला टोकले, वेळापूरचे नवे बी वेगळ्या आळ्यात. उशीर झाला होता, पुष्य नक्षत्राचा म्हातारा पाऊस सुरू झाला होता. श्रावण लागेपर्यंत सात आळ्यांत कोंब आले. गवार पानावरून लगेच कळली, भोपळाही. एक वेल कशाचा आहे ते आईलाही सांगता येत नाही. फूल येईपर्यंत थांब, म्हणाली.