फवारणीआधी ओळख पटवताना: माझा अनुभव

पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन करायच्या आधी मी लेंड्या शोधतो. उंदीर क्वचितच समोर येतो, लेंड्या मात्र हमखास सापडतात: शेगडीमागे, सिंकखाली, माळ्यावरच्या जुन्या बॅगांच्या आड. ३ ते ६ मिलिमीटर लांब आणि दोन्ही टोकं निमुळती असली तर तो घरातला पिटुकला उंदीर. १२ मिलिमीटरच्या आसपास आणि टोकदार असली तर काळा उंदीर. त्याची शेपटी धडापेक्षा लांब असते आणि तो पाइप, केबल धरून चौथ्या मजल्यावरही पोचतो. १८-२० मिलिमीटरची, बोथट टोकांची लेंडी गटारातल्या तपकिरी उंदराची. एका टोकाला पांढरा ठिपका दिसला तर ती पालीची, तिच्यासाठी खर्च करू नका.

ही मापं घ्यायची ती पिंजऱ्यासाठी. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. पहिल्याच रात्री दार आकड्याला अडकवून सज्ज केलेला पिंजरा तो टाळतो आणि आपण म्हणतो, उंदीर हुशार झालेत. दोन-तीन रात्री दार बांधून उघडंच ठेवायचं, आत सुका बोंबील किंवा भजी. खाणं नाहीसं व्हायला लागलं की मगच दार सोडायचं. पिटुकला उलट चौकस, नवं दिसलं की हुंगायला येतो. पण त्याचं फिरणं थोडक्या जागेत असतं, म्हणून त्याच्यासाठी भिंतीलगत दोन-दोन मीटरवर छोटे सापळे लागतात. त्याला ६ मिलिमीटरची फट पुरते. पेन्सिल आत जात असेल तर तोही जातो. फटीत भांड्यांची तारेची घासणी कोंबून वरून सिमेंट लावा. नुसता फोम भरला तर कुरतडून पुन्हा वाट होते.

इमारतीच्या मागच्या गल्लीत बिळापाशी ताज्या मातीचा ढीग दिसला तर ती घूस. घरात पिंजरे मांडून तिचं काही होत नाही. वॉर्ड ऑफिसच्या कीटकनाशक विभागाकडे तक्रार द्यावी. बिळात उंदीर मारायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या स्वतः टाकायच्या नाहीत. ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो आणि तो पायाच्या भेगांतून तळमजल्याच्या खोलीत शिरतो. चिचुंद्री मात्र उंदरांतली नव्हेच. लांब सोंडेसारखं नाक, बारीक डोळे, उग्र वास. ती झुरळं खाते, तरी झाडू आधी तिच्याच पाठीत बसतो.

लेंड्या कोरड्या झाडू नयेत. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी असं शिंपडून पाच मिनिटं थांबा, हातमोजे घालून कागदाने उचला. पावसाळ्यात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून पसरतो, त्यामुळे पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यात उतरू नका.

कोळ्यांचं प्रकरण लवकर आटोपतं. छताच्या कोपऱ्यात लांब काटकुळ्या पायांचा, धक्का लागला की थरथरणारा कोळी डास पकडतो. तळहाताएवढा चपटा, जाळं न विणणारा, पोटाखाली पांढरी चकती धरून फिरणारा कोळी म्हणजे अंडी सांभाळणारी मादी. तिचा आवडता खुराक झुरळं. दोघेही निरुपद्रवी. भिंतीला चिकटलेली भोपळ्याच्या बीएवढी राखाडी पिशवी कोळ्याची समजून लोक फवारतात. जरा थांबून पाहा: कधी या टोकातून, कधी त्या टोकातून बारीक डोकं बाहेर येतं. ती पतंगाची अळी. जळमटं आणि गळलेले केस यांवर जगते, तेव्हा जळमटं काढली की तीही कमी होते.

बाथरूममधल्या बदामाच्या आकाराच्या केसाळ माश्यांवर स्प्रे मारून दोन दिवस बरं वाटतं, कारण मरतात त्या उडणाऱ्या. अळ्या नहाणी ट्रॅपच्या (फरशीतल्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्याच्या) आतल्या बुळबुळीत थरात सुखरूप राहतात. खात्री करायची तर रात्री जाळीवर सेलोटेप चिकट बाजू खाली करून लावा, हवा जायला थोडी जागा सोडून. सकाळी टेपला माश्या दिसल्या तर उगम तिथेच. कप काढून आतला थर कडक ब्रशने खरवडा, मग गरम पाणी ओता. नुसतं ब्लीच त्या थरावरून वाहून जातं. लाल डोळ्यांची चिलटं असतील तर केळी आणि कचऱ्याचा डबा तपासा. कुंडीतून उठणाऱ्या डासासारख्या बारीक माश्यांना पाणी कमी घालणं हाच उपाय.

पहिल्या पावसानंतर ट्यूबलाइटखाली पंखांचा खच पडतो, तेव्हा एक किडा पकडून पाहा. चारही पंख सारखे, कंबर जाड आणि मिशा सरळ असतील तर वाळवी. पुढचे पंख मोठे, कंबर बारीक, मिशा कोपरासारख्या वळलेल्या असतील तर मुंग्या. वाळवीचे किडे खिडकीबाहेरून आले असतील तर फारशी चिंता नाही. चौकटीच्या फटीतूनच निघत असतील तर लाकूड ठोकून पाहा. पोकळ आवाज आला किंवा मातीची बारीक नळी दिसली, तर तेव्हा माणूस बोलवा आणि लाकडात भोकं पाडून औषध भरायला सांगा, वरवरच्या फवाऱ्याचे पैसे देऊ नका.